हातावरचं पोट आणि हरवलेली नाडी



पुलाउ उबीनला सायकलवर फिरताना आपण ज्या हिरव्या तळ्यांचे फोटो काढतो, त्या ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी. १८५१ साली पूर्ण झालेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाला दगड इथूनच गेला. तो फोडणाऱ्यांचं पोट अक्षरशः हातावर होतं. तिथे फिरताना मला प्रश्न पडला: हृदयाचा बायपास घरोघरी माहीत, मग हाताचा का नाही?

कारण साधं आहे. खांद्याभोवती छोट्या रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मुख्य धमनी हळूहळू बुजली तरी रक्त आडवाटेने पोचतं. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला बरेचदा कळतही नाही. कष्टकऱ्याचा हात मात्र थोड्या कामातच भरून येतो. कधी मेंदूकडे जाणारं रक्त उलटं फिरून हातात उतरतं आणि भोवळ येते.

१९४८ मध्ये पॅरिसला ज्याँ कुन्लिन यांनी रुग्णाचीच शीर वापरून पायाच्या बंद धमनीला वळसा दिला. शिरेतल्या झडपा आड येऊ नयेत म्हणून ती उलटी करून जोडली. पुढे मानेतल्या धमनीतून हाताच्या धमनीला अशीच जोडनळी देऊ लागले. छाती उघडायची गरज नाही! ह्यूस्टनच्या डीथ्रिच, डिबेकी वगैरे मंडळींनी १९६७ मध्ये अशा १२५ रुग्णांचा आढावा छापला.

आपल्या आशियात आणखी एक दुखणं आहे, तेही ऐन तारुण्यात गाठणारं आणि जास्त करून बायकांना. धमनीची भिंत सुजते आणि मनगटाची नाडीच लागत नाही. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी १९०८ मध्ये त्याच्या डोळ्यातल्या खुणा मांडल्या. मुंबईत गिरणगावातल्या केईएममध्ये डॉ. सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. पालिकेच्या दवाखान्यातून उभं राहिलेलं हे काम आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

आता आधी औषधांनी सूज उतरवतात, कारण सुजलेल्या भिंतीवर जोडलेली नळी पुन्हा बुजू शकते. काहींचं फुग्याने किंवा स्टेंटनेही भागतं.

एक मात्र कराच. बंद धमनीच्या हातात बीपी कमी दिसतं, खरं जास्त असलं तरी! म्हणून एकदा तरी दोन्ही हातांचं मोजून घ्या. फरक १०-१५ च्या वर आणि पुन्हा पुन्हा आला, तर डॉक्टरांना दाखवा. भारतातल्या आई-बाबांनाही फोनवर सांगा.