विहिरीवरची फुले आणि परंपरेचे वय

लोकसाहित्य शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : ही प्रथा किती जुनी? उत्तर जितके प्राचीन, तितके विद्यार्थ्यांचे समाधान अधिक. आणि खरे सांगायचे तर आमचेही. या सवयीचा पुनर्विचार आम्हांला करावा लागला, तो इंग्लंडमधल्या एका पुष्पप्रथेमुळे.

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर हा परगणा आहे. त्याच्या डोंगराळ भागातील चुनखडीच्या खडकातून पावसाचे पाणी झिरपून खोल जाते. त्यामुळे पृष्ठभागावर ओढे कमी आणि गावच्या झऱ्याविहिरींचे मोल मोठे. या गावांत वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत विहिरी फुलांनी सजवल्या जातात. 'वेल ड्रेसिंग' हे या प्रथेचे नाव. टिसिंग्टन या छोट्या गावी ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, म्हणजे बहुधा मे महिन्यातील एका गुरुवारी, हा सोहळा सुरू होतो.

सजवणे म्हणजे येथे हार घालणे नव्हे. मोठाल्या लाकडी फळ्या काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात. त्यांवर खिळे ठोकून मीठ घातलेल्या चिकणमातीचा थर देतात. खिळे माती धरून ठेवतात आणि मीठ तिच्यातला ओलावा टिकवते. कागदावरचे चित्र टोचून मातीवर उतरवले जाते. बाह्यरेषांसाठी आल्डर झाडाची लहान काळी फळे किंवा बिया आणि आतील भागासाठी शेवाळ, पाने व सुट्या पाकळ्या वापरतात. पाकळ्या खालून वर, एकीवर दुसरी किंचित चढवून लावायच्या. आपल्याकडे छपरावर कौले चढवतात तशा, म्हणजे पावसाचे पाणी वरून ओघळून जाते. गावातील थोरामोठ्यांचे अनेक दिवसांचे हे श्रम. आणि चित्राचे आयुष्य मात्र जेमतेम आठवडाभराचे. रांगोळी काढणाऱ्या हातांना या नश्वरतेचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

आता वयाचा प्रश्न. प्रवाशांच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकांत तीन कथा आलटूनपालटून आढळतात. पहिली म्हणते, ही ख्रिस्तपूर्व जलदेवतांची पूजा. दुसरीनुसार 1348–49 च्या महामारीत टिसिंग्टन शुद्ध पाण्यामुळे वाचले, त्याची ही कृतज्ञता. तिसरी 1615 च्या दुष्काळातही न आटलेल्या विहिरींकडे बोट दाखवते. तिन्ही कथा सुंदर आहेत. पण टिसिंग्टनच्या विहिरींना साध्या हारांनी सजवल्याची सर्वांत जुनी नोंद 1758 ची आणि मातीच्या फळ्यांची 1818 ची आहे. मधल्या शतकांचा पूल श्रद्धेने बांधलेला आहे, पुराव्याने नव्हे.

मग हे चित्र-विहिरींचे लोण गावोगाव पसरले कसे? येथे आम्हांला खरा इतिहास सापडतो, आणि तो देवतांचा नसून नळांचा आहे. वर्क्सवर्थ येथे 1827 मध्ये नळाचे पाणी आले आणि लोकांनी नळ सजवले. त्या सोहळ्याला विहिरीचे नव्हे, नळाचेच नाव होते. यूलग्रेव्ह गावात 1829 मध्ये पाण्याचा दगडी हौद बांधला गेला आणि सजावटीची चाल पडली. बक्स्टनमध्ये 1840 मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने बाजारचौकात पाणी आणून दिले, त्याच्या आभारासाठी फुले आली. ज्यांनी चढणीवरून वर्षानुवर्षे बादल्या वाहिल्या, त्यांना तोटीतून पडणारी धार देवाहून कमी वाटली नसेल!

पुढे पर्यटन आले. 1899 मध्ये टिसिंग्टनला रेल्वे पोहोचली. प्रवासी गाड्यांची नियमित वाहतूक 1954 मध्ये थांबली. तोच लोहमार्ग 1971 पासून पायी व सायकलने फिरण्याची वाट झाला. 1951 मध्ये हा प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. पाहुणे वाढले, विहिरींपाशी दानपेट्या आल्या, त्यांतील पैसा सत्कार्यांना जाऊ लागला. यात निंद्य काही नाही. पाहुण्यांमुळे प्रथा तगली हेही खरे. मात्र पाहुण्याला 'प्राचीन' हवे असते, आणि मागणीनुसार प्राचीनत्वाचा पुरवठा होतो. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी 1983 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने 'परंपरांचा शोध' ही संकल्पना अभ्यासकांना दिली. तीमधील 'शोध' या शब्दाचा आपण फार घाईने 'बनाव' असा अर्थ करतो. दोनशे वर्षांपूर्वी सुरू झालेली प्रथा खोटी नसते. खोटे असते ते तिच्यावर चढवलेले वय. कारण त्या वयाखाली तिचे कारण गाडले जाते.

हे कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला परके वाटू नये. फुलांच्या व्यवसायावरून ज्यांच्या घराण्याला आडनाव मिळाले, त्या जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाण्याचा इतिहास म्हणजे ते कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर मिळाले याचा इतिहास. त्याऐवजी 'जलपूजनाची आदिम प्रेरणा' एवढेच शिकवले, तर हौद दिसतो आणि हौदापाशी ताटकळणारी माणसे दिसेनाशी होतात.

2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे टिसिंग्टनचा सोहळा झाला नाही. महामारीतून वाचल्याची कथा सांगणाऱ्या गावाच्या विहिरी महामारीनेच फुलांवाचून ठेवाव्यात, यातील विपर्यास लक्षात येण्याजोगा आहे. साथ ओसरली, आणि फळ्या पुन्हा पाण्यात भिजू लागल्या. ते कोणत्या देवतेच्या आज्ञेने नव्हे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक दिली म्हणून.

तेव्हा यापुढे वर्गात 'ही प्रथा किती जुनी?' असे कोणी विचारले, तर त्याच्या जोडीला आम्ही आणखी एक प्रश्न ठेवणार आहोत : ही प्रथा सुरू झाली तेव्हा कोणाच्या डोक्यावरचा हंडा उतरला?