आधी साल, मग बरगड्या

मंडळी, कबुलीजबाब आधी देऊन टाकतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय होता आणि त्यात सुतारकामाचा एक जॉब होता. दोन लाकडांना खाचा पाडायच्या आणि ती एकमेकांत बसवायची, बस्स. माझा जॉब मित्राने करून दिला आणि बदल्यात मी त्याच्या ड्रॉइंगच्या शीट्स काढून दिल्या. तेव्हा हा सौदा मला फारच फायद्याचा वाटला होता.

तोच मी सध्या कॅनडात, मिसिसागामध्ये, घरमालकाच्या गॅरेजचा अर्धा भाग अडवून सोळा फुटी लाकडी कनू बनवतोय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "का रे, विकत नाही का मिळत?" मिळते की. पण आठवडाभर जे काम करतो त्यातलं काहीच हातात धरता येत नाही, म्हणून हा उद्योग.

पद्धत कागदावर सोपी आहे. नकाशा विकत मिळतो. त्यात दर फुटावरचे कनूचे आडवे छेद असतात. ते प्लायवूडमध्ये कापायचे आणि एका सरळसोट तुळईवर ओळीने उलटे उभे करायचे. हे झाले साचे. मग सीडरच्या पाव इंच जाड आणि पाऊण इंच रुंद पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येक पट्टीची एक कड गोल, दुसरीला खोबण. गोंद लावून एकीत एक बसवत जायचं. सगळं वाळलं की घासायचं, बाहेरून फायबरग्लासचं कापड आणि एपॉक्सी चढवायचं, साचे काढून टाकायचे, मग आतून तेच. आत बरगडी एकही नाही.

या "एकही नाही"पाशी मी अडखळलो. मी पाहिलेल्या जुन्या चित्रांतल्या कनूत बरगड्याच बरगड्या असतात. त्या गेल्या कुठे? ते शोधताना जे वाचलं, त्याचाच हा लेख.

मूळ कनू बर्चच्या सालीची. (आपण ज्याला भूर्जपत्र म्हणतो ती याच झाडाच्या हिमालयातल्या भावंडाची साल.) तिची रीत आपल्या डोक्याला उलटी वाटते. घर बांधताना आपण आधी सांगाडा उभारतो. इथे आधी साल. ती जमिनीवर पसरायची, वर दगड ठेवून दाबायची आणि कडेने खुंट्या ठोकून कडा वर उचलायच्या. स्प्रूसच्या मुळांनी शिवायची, सांध्यांना स्प्रूसचा डिंक चोपडायचा. आतून सीडरच्या पातळ फळ्या लावायच्या आणि अगदी शेवटी वाकवलेल्या बरगड्या ठोकून बसवायच्या. बरगड्या आतून दाब देतात, साल ताणली जाते आणि कनूला तिचा आकार येतो. कागद नाही, आकडा नाही. काही मापं खुणेच्या काठ्यांवर, बाकी सगळं करणाऱ्याच्या डोळ्यात आणि हातात.

दुसरा टप्पा ऑन्टारिओतल्या पीटरबरो आणि लेकफील्डचा. १८५०च्या दशकात तिथल्या जॉन स्टीफन्सन आणि थॉमस गॉर्डन यांच्यासारख्या मंडळींनी क्रम उलटा केला. आधी भरीव लाकडी साचा, त्यावर वाकवलेल्या बरगड्या, त्यावर फळ्या. सांगतात की पहिला साचा म्हणजे उलटी ठेवलेली, ओंडका कोरून केलेली होडीच होती. पुढे फळ्यांच्या जागी अरुंद पट्ट्याही आल्या. साच्याची गंमत अशी की एक झाली की दुसरी अगदी तश्शीच निघते. म्हणजे कारखाना आलाच. पीटरबरो कनू कंपनीच्या कनू जगभर गेल्या. ती कंपनी १९६१ साली बंद पडली.

तिसरा टप्पा मिनेसोटाचा. १९५० आणि ६०च्या दशकांत तिथल्या शर्यतवाल्यांना (यूजीन जेन्सन हे त्यातलं ठळक नाव) दरवर्षी नवा, वेगवान आकार करून बघायचा होता. प्रत्येक आकारासाठी भरीव साचा कोण करणार? त्यांनी आडव्या छेदांवर पट्ट्या चिकटवल्या आणि आत-बाहेर फायबरग्लास चढवलं. ताकद त्या कवचातच आली आणि बरगड्यांची नोकरी गेली. सुरुवातीचं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नसे. मग एपॉक्सी आलं. १९८३ साली टेड मूर्स आणि मॅरिलिन मोर यांचं 'कनूक्राफ्ट' हे पुस्तक निघालं आणि माझ्यासारख्या हौशी लोकांना रान मोकळं झालं.

आता तिन्ही टप्पे शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारा: कनूचा आकार राहतो कुठे? पहिल्यात माणसात. दुसऱ्यात साच्यात, म्हणजे साचा ज्याच्या मालकीचा त्याच्याकडे. तिसऱ्यात कागदावर, म्हणजे कुणाकडेही. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी सोर्स कोड कुणाच्या तरी डोक्यात, मग कंपनीच्या कुलपात, मग सगळ्यांसाठी खुला. मी खूश झालो. ओपन सोर्सचा विजय वगैरे! लेख इथेच संपवणार होतो.

पण मग एडविन टॅपन अॅडनी भेटला. १८८७ साली हा एकोणीस वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कहून न्यू ब्रन्स्विकमधल्या वुडस्टॉकला आला. तिथे मॅलिसीट समाजातले पीटर जो नावाचे कारागीर कनू बनवत होते. अॅडनी त्यांच्याजवळ शिकला. प्रत्येक पायरीची चित्रं काढली, टिपणं घेतली आणि १८९० साली एका मासिकात ती पद्धत छापली. पुढे उभा जन्म त्याने यात घातला. निरनिराळ्या समाजांच्या कनूंच्या शंभरावर प्रतिकृती केल्या, एकास पाच या प्रमाणात. त्या आज व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. १९५० साली तो गेला तेव्हा पुस्तक अपुरंच होतं. हॉवर्ड शापेल यांनी ते पुरं केलं आणि १९६४ साली स्मिथसोनियनने छापलं.

आता बघा. कारागीर पीटर जो, आणि पुस्तकावर नावं अॅडनी आणि शापेल यांची. मला आधी रागच आला. पण या काळात काय चाललं होतं हेही वाचलं. स्थानिक समाजांची मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत डांबली जात होती. त्यांतली शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली. जी विद्या बापाशेजारी उभं राहून शिकायची, ती बापच शेजारी नसेल तर शिकणार कशी? आज त्या समाजांतले काही कारागीर अॅडनीचं पुस्तक समोर ठेवून साल शिवतात. म्हणजे टिपणं नसती तर बरंच काही गेलं असतं. आणि मुलं नेली नसती, तर टिपणांवर एवढी भिस्त ठेवावी लागली नसती. दोन्ही खरं आहे.

आणि मी राहतो त्या शहराचं नाव? मिसिसागा हे एका समाजाचं नाव आहे. क्रेडिट नदी इथूनच वाहते. तिच्या काठची त्यांची वस्ती १८४७ साली उठली आणि ते हेगर्सव्हिलजवळ गेले. लोक गेले, पाटीवर नाव राहिलं. मी नकाशाचे पैसे भरले ते डिझायनरला, आणि त्यात गैर काही नाही. पण ते टोक, तो पोट, काठाचा तो बाक त्याने शून्यातून काढलेला नाही. परवान्याच्या मजकुरात मूळ लेखकांचा कुठेच उल्लेख नाही.

आता गॅरेजमधली गोष्ट. अकराव्या पट्टीला उजव्या बाजूला एक हलकासा फुगवटा आला. सगळे साचे पुन्हा मोजले. सगळं बरोबर. घरमालक डोकावले. साठीचे आहेत, सुतार वगैरे अजिबात नाहीत. ते टोकाशी गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि पट्टीच्या कडेवरून लांब पाहत राहिले. म्हणाले, चौथा. मी चौथा साचा जेमतेम दोन मिलिमीटर आत सरकवला आणि रेघ सरळ वाहायला लागली. माझी टेप जिथे "बरोबर" म्हणत होती, तिथे डोळा "नाही" म्हणत होता.

नकाशात दर फुटाला छेद आहे. मधल्या बारा इंचांत पट्टीने कसं वळायचं, हे त्यात नाही. ते अजूनही पीटर जोंच्याच खात्यात आहे, आणि ते उतरवून घ्यायला शेजारी कुणीतरी गुडघ्यावर बसावं लागतं.

काम निम्म्यावर आलंय. वर्कशॉपचा जॉब करून देणाऱ्या त्या मित्राला काल फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान. पण करून कुणी दिली?"