वासेलचा प्याला

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत हिंवाळ्यांतील एक जुना विधि आजहि पाळला जातो. सोमरसेट परगण्यांतील कारहॅम्प्टन या गांवीं १७ जानेवारीच्या संध्याकाळीं लोक सफरचंदाच्या बागेंत जमतात. झाडाच्या बुंध्याशीं सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, ओततात. त्यांत भिजविलेला भाजक्या पावाचा तुकडा फांदीवर ठेवतात आणि बंदुकांचे बार काढतात. पुढल्या हंगामांत उदंड फळ यावें, हा त्यांतील हेतु. नाताळनंतरच्या बाराव्या दिवसाचा हा उत्सव इतका उशिरां कां, याचें कारण मौजेचें आहे. १७५२ सालीं इंग्लंडनें पंचांग सुधारलें व ११ दिवस गाळले. सरकारचा दिवस बदलला. बागवानांनीं मात्र आपला जुना दिवस सोडला नाहीं.

या विधीस ‘वासेल’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘खुशाल अस’ एवढाच. मन्मथचा जॉफ्री या इतिहासलेखकानें इ. स. ११३६ च्या सुमारास एक आख्यायिका नमूद केली आहे. तींत सॅक्सन सरदार हेंगिस्ट याची कन्या सोन्याचा पेला पुढें करून ब्रिटनच्या राजास याच शब्दानें अभिवादन करते. पुढें अभिवादनाचा शब्द पेल्यास, पेल्याचा पेयास व पेयाचा उत्सवास लागला.

पेयाची कृति साधी होती. सायडर किंवा बार्लीचें मद्य मंद आंचेवर तापवावें, त्यांत साखर, सुंठ व किसलेलें जायफळ घालावें आणि भाजलेलीं सफरचंदें सोडावीं. फुटलेल्या फळांचा पांढरा गर वर लोकरीसारखा तरंगे. म्हणून त्यास ‘कोकराची लोकर’ असेंहि म्हणत. नाताळांत गांवचे गरीब लोक वासेलचें भांडें घेऊन दारोदार गात जात, घरधन्याचें शुभ चिंतीत आणि अन्न, पैसा वा पेय मिळवीत. शेतीचीं कामें थंडावलेल्या त्या दिवसांत मागणें तर भाग असे. पण आधीं आशीर्वाद देऊन मागितल्यामुळें मागणाराचाहि मान राही.

सफरचंद घरच्या बागेंतलें. जायफळ मात्र फार दुरून येई. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याची पैदास मुख्यतः एकाच ठिकाणीं होती: आजच्या इंडोनेशियांतील बांदा या चिमुकल्या द्वीपसमूहांत. तेथून जावानी, मलायी, गुजराती व अरब व्यापारी तें देशोदेशीं नेत. १६२१ सालीं डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटर्सझोन कून यानें सर्व व्यापार आपल्या मुठींत आणण्यासाठीं बांदावर स्वारी केली. तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीनें मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. त्यांच्या बागा डच वसाहतवाल्यांना वांटून दिल्या व त्यांत राबण्यास बाहेरून गुलाम आणले. त्यांपैकीं रून या बेटावर इंग्रजांचा दावा होता. १६६७ च्या ब्रेडाच्या तहानें तें डचांकडे राहिलें आणि अमेरिकेंतील मॅनहॅटन इंग्रजांकडे. १७९६ सालीं इंग्रजांनीं बांदा घेतल्यावर जायफळाचीं रोपें पेनांग येथें नेलीं. पुढें तें वेस्ट इंडीजमध्येंहि रुजलें, आणि डचांची मक्तेदारी मोडली.

आज हेंच पेय पुष्कळ घरीं मद्याविना होतें. सफरचंदाचा रस दालचिनी व लवंगेसह ऊन केला, वर जायफळ किसलें, कीं झालें. महाराष्ट्रीय घरांत श्रीखंडांत वा पुरणांत पडणारें जायफळहि याच कुळांतलें. ‘खुशाल अस’ म्हणून ज्यांनीं शतकानुशतकें हा प्याला पुढें केला, त्यांना बांदाचें नांवहि बहुधा ठाऊक नव्हतें. बागेंतील झाडाची त्यांनीं दरवर्षीं आठवण ठेवली. दूरच्या झाडाचे धनी मात्र त्या आशीर्वादाबाहेरच राहिले.