इंजिन तापमान दर्शक (वाहन)

इंजिन तापमान दर्शक हे मोटारवाहनाच्या चालकापुढील फलकावर बसविलेले, इंजिनातील शीतलकाचे तापमान दाखविणारे उपकरण आहे. बोलीभाषेत त्यास 'टेम्परेचरचा काटा' म्हणतात. पिकअपसारखी वाहने भार घेऊन कमी वेगाने चढ चढत असल्याने त्यांच्या बाबतीत या दर्शकाच्या अचूकतेला विशेष महत्त्व आहे. कारखान्यातून बसवून येणाऱ्या बहुतेक दर्शकांवर अंशांचे आकडे नसतात. केवळ थंड व गरम अशी दोन टोके दाखविलेली असतात.

== रचना ==
१९१० च्या दशकातील बॉइस मोटोमीटर हा रेडिएटरच्या झाकणावर बसणारा साधा तापमापक होता व चालक तो काचेतून पाहत असे. नंतर विद्युत दर्शक रूढ झाले. त्यांत शीतलकात बुडालेला थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो आणि काटा सरकतो. जुन्या वाहनांत काटा द्विधातू पट्टीने हलत असे व त्यास व्होल्टेज स्थिरकाची गरज भासे. हा स्थिरक इंधन दर्शकासही जोडलेला असल्यास त्याच्या बिघाडाने दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचे दाखवितात.

== अचूकता ==
आधुनिक वाहनांत संवेदक सहसा पुरेसा अचूक असतो. काटा मात्र हेतुपुरस्सर स्थिर ठेवलेला असतो. तापमान साधारण ७५ ते १०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान बदलले तरी अनेक दर्शकांचा काटा मध्यावरून हलत नाही. थर्मोस्टॅट उघडणे, पंखा सुरू होणे अशा नेहमीच्या चढउतारांनी चालक विनाकारण चिंतित होऊ नये, हा त्यामागील उद्देश. परिणामी काटा हलू लागतो तेव्हा तापमान आधीच बरेच वाढलेले असते. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकण्यास किंवा हेड गॅस्केट जळण्यास त्यानंतर फार वेळ लागत नाही.

शीतलक गळून संवेदक उघडा पडल्यास तो द्रवाऐवजी हवा वा वाफ मोजतो. अशा वेळी काटा खाली येऊन इंजिन थंड झाल्याचा भास होऊ शकतो. हा दोष सर्वांत घातक मानावा लागेल.

== पुणे परिसर ==
टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप पुण्यात तयार करून बाजारात आणला. वाहनांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) याच शहरात आहे. शहराभोवती बोर घाट, कात्रज, दिवे व खंबाटकी असे चढ आहेत.

पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५६० मीटर असल्याने तेथे साधे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. ग्लायकॉल व पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण, झाकणाने १ बार दाब राखल्यास, सुमारे १२५ ते १३० अंशांपर्यंत उकळत नाही. शीतलकाऐवजी निव्वळ पाणी भरलेले असेल आणि झाकण दाब धरीत नसेल, तर काटा मध्यावर असतानाच पाणी उकळू लागते. काटा त्या क्षणी खोटे सांगत नसतो. त्याच्या मोजपट्टीवर ९८ अंश हे 'सामान्य'च असतात.

== पडताळणी ==
ओबीडी जोडणी असलेल्या वाहनांत संवेदकाचे मूळ तापमान अंशांत वाचता येते. जुन्या वाहनांत संवेदक काढून गरम पाण्यात बुडवितात आणि त्याचा रोध उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. इन्फ्रारेड तापमापक धातूच्या पृष्ठभागाचे तापमान देतो. ते शीतलकाच्या तापमानाहून बहुधा कमी भरते.