बाटलींतील मासा आणि पाण्यांतील मासा

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु मनुष्याचें ज्ञान कसें वाढत गेलें याचाही एक इतिहास आहे, आणि तो कधीं कधीं दोन-अडीच इंचांच्या माशाच्या चरित्रांत वाचावयास सांपडतो. दक्षिण अमेरिकेंत पाराना नदीच्या खालच्या खोऱ्यांत व युरुग्वे आणि दक्षिण ब्राझील यांच्या किनाऱ्याकडील नद्यांत असा एक मासा आहे. 'कोरिडोरस पॅलिएटस' या नांवानें तो मत्स्यशौकिनांच्या परिचयाचा आहे. आपल्याकडील शिंगाळ्याच्याच विस्तृत वर्गांतला हा. मात्र याच्या अंगावर खवल्यांच्या जागीं दोन्ही बाजूंस हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत असतें, पाठीच्या व छातीच्या परांस टणक कांटे असतात, आणि तोंडाशीं आखूड मिशा असतात.

'बीगल' जहाजाच्या सफरींत (१८३१ ते १८३६) चार्ल्स डार्विननें जे मासे जमविले, त्यांत हा होता. त्यांचें वर्णन लिहिण्याचें काम लेनर्ड जेनिन्स नांवाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाकडे आलें. योगायोग असा कीं, त्या जहाजावर जाण्याविषयीं आधीं जेनिन्स यांसच विचारणा झाली होती. परंतु आपल्या गांवच्या देवळाची जबाबदारी सोडणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं. जो गेला त्यानें मासे आणले. जो घरीं राहिला त्यानें त्यांस नांवें दिलीं. १८४२ सालीं पुऱ्या झालेल्या त्या ग्रंथांत या माशाची शास्त्रीय नोंद आहे. जेनिन्स यांचें काम चोख होतें. पण मद्यार्कांत बुडविलेल्या माशाचा रंग उडतो, आणि तो श्वास कसा घेतो, प्रजा कशी वाढवितो, हें बाटली सांगत नाहीं.

तें सांगितलें काचेच्या पेटीनें. १८७८ च्या सुमारास पॅरिस येथें पियेर कार्बोनिए यांनीं या माशाची वीण आपल्या पेटींत करविली. तेव्हांपासून पाळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्याचें खरें चरित्र उलगडत गेलें. मधूनच तो बाणासारखा वर येऊन हवेचा घोट घेतो. ती हवा आंतड्यांत जाते आणि तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या तींतील प्राणवायु शोषून घेतात. विणीच्या वेळीं मादी पोटाखालच्या परांचा द्रोण करून त्यांत थोडीं थोडीं अंडीं झेलते व पानांवर किंवा काचेवर नेऊन चिकटविते. हें ज्ञान मोजपट्टीनें मिळालें नाहीं. तें जपणुकींतून आलें.

परंतु त्याच पेटीनें एक गैरसमजही रूढ केला. हा मासा तळाशीं वाळू हुंगत फिरतो, म्हणून लोकांनीं त्यास 'झाडूवाला' ठरविलें. आणि जो सफाई करतो त्यानें इतरांच्या उष्ट्यावरच जगावें, असा न्याय लावला. कोणासही हीन काम नेमून द्यावयाचें आणि मग त्याच्या भुकेचा विचारच सोडून द्यावयाचा, ही मनुष्याची जुनी खोड आहे. वस्तुतः किडे व अळ्या हें त्याचें अन्न. तळापर्यंत बुडणारें खाद्य त्यास निराळें द्यावें लागतें. तळाशीं बारीक, गुळगुळीत वाळू असावी, नाहीं तर मिशांस इजा होण्याचा संभव असतो. पाणी फार उष्ण नसावें; १८ ते २३ सेंटिग्रेड अंश त्यास मानवतात. थोडें गार, ताजें पाणी घातल्यास विणीस चालना मिळते. तो समुदायप्रिय आहे. निदान सहा जण तरी एकत्र ठेवावे. एकटा ठेवलेला मासा बुजून कोपरा धरतो, आणि पाहणारा मात्र म्हणतो, मासाच मंद आहे!

२०२४ सालीं शास्त्रज्ञांनीं या गोताची फेरमांडणी केली आणि याचें नांव 'हॉप्लिसोमा पॅलिएटम' झालें. 'कोरिडोरस' हें जुनें नांव शिरस्त्राण आणि कातडें या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून घेतलेलें होतें; नवें नांव सशस्त्र देहाचें सूचक आहे. दोन्ही नांवें चिलखतावरच थांबतात. चिलखताच्या आंत काय आहे हें मात्र ज्यांनीं त्यास वेळेवर अन्न दिलें, पाणी बदललें आणि शांतपणें पाहत बसले, त्यांसच कळलें. नांव देणें हा ज्ञानाचा आरंभ होय. त्याची पूर्तता सांभाळ केल्याखेरीज होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.