गवयाचा मान

परवा भाचीचा फोन आला. ती गाणं शिकते. म्हणजे आता शिकवतेही, आणि कुणी बोलावलं तर गातेही.

"मामा, मला माझ्याबद्दल शंभर-दीडशे शब्द लिहून दे ना. हल्ली नुसतं गाऊन चालत नाही म्हणे, पर्सनल ब्रँड लागतो."

मी तोंड वाकडं केलं. (फोनवर दिसत नाही ते बरं!) मग 'गाणं चांगलं असलं की नाव आपोआप होतं' वगैरे ठेवणीतली वाक्यं ऐकवली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "आणि ठुमरी-दादरा गाते ते लिहायचं की गाळायचं? एक जण म्हणाले, गाळ. त्याने इमेज पातळ होते."

फोन ठेवला आणि मला एकदम विष्णु दिगंबर पलुसकर आठवले. नाव आपोआप होतं, असं मी ज्या पोरीला सांगत होतो, तिला आज राजरोस गाता येतं ते एका माणसाने नाव अगदी ठरवून, विचारपूर्वक उभं केलं म्हणून. तेही फक्त स्वतःचं नाही, तर अख्ख्या पेशाचं.

विष्णुबुवांचा जन्म १८७२चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळे अधू झाले. शाळा, नोकरी हे रस्ते बंद झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. संस्थानिकांचा आश्रय होता, गुरू मोठे होते, सगळं ठीक चाललं होतं.

मग ती प्रसिद्ध गोष्ट. गावात कसलासा समारंभ होता. विष्णुबुवांना आमंत्रण आलं, पण गुरूंना नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, ते काय, गवई! गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडून द्या. पण त्या काळात गवयाची किंमत काय होती ते तिच्यातून बरोबर कळतं. गाणं सगळ्यांना हवं, गाणारा मात्र पंक्तीला नको.

१८९६मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढे त्यांनी जे जे केलं ते एकापुढे एक मांडून पाहिलं, की भाचीला सल्ला देणारी मंडळी पोरसवदा वाटायला लागतात.

पहिली गोष्ट, तिकीट. सौराष्ट्रात असताना त्यांनी राजवाड्यातल्या बैठकीऐवजी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. आज यात काही विशेष वाटत नाही. पण विचार करा, बिदागी ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तिकिटाला मर्जी नसते. पैसे मोजून आलेला माणूस श्रोता असतो, धनी नसतो.

दुसरी गोष्ट, शाळा. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वय अवघं अठ्ठावीस, परका मुलूख, परकी भाषा, आणि भरवसा एखाद्या महाराजांच्या तिजोरीवर नाही तर लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर. अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पुस्तकं, स्वतःची स्वरलिपी, स्वतःचा छापखाना... गाणं हे घराण्याच्या दाराआडचं गुपित न राहता शाळेतल्या विषयासारखा विषय झालं. विद्यार्थी गुरुकुलासारखे जवळ राहत. व्यसन नाही, पोशाख नीटनेटका, वागणं शिस्तीचं. गवई म्हणजे बेभरवशाचा माणूस ही जी समजूत होती, तिचा एकेक खिळा त्यांनी मोजून उपटला.

१९०८मध्ये ते मुंबईला आले. पुढे सँडहर्स्ट रोडवर महाविद्यालयाची भव्य इमारत उभी राहिली आणि कर्जही. १९२०च्या दशकात ती इमारत लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनामात रमले आणि १९३१मध्ये मिरजेला वारले. इमारत गेली, पण नाव गेलं नाही. कारण ते विटांत नव्हतंच. ते ओंकारनाथ ठाकुरांत होतं, विनायकबुवा पटवर्धनांत होतं, गांधीजींच्या आश्रमात राहून दांडीयात्रेत चालणाऱ्या नारायण मोरेश्वर खऱ्यांत होतं. बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. 'प्रवेशिका' ते 'विशारद' हे शब्द आज ज्या घरात सहज बोलले जातात, त्या प्रत्येक घरात बुवा थोडेसे आहेत.

आमच्याही घरात होते. आजीला तिच्या वडिलांनी सांगलीत गाणं शिकू दिलं, कारण शिकवणारे मास्तर 'विष्णुबुवांच्या परंपरेतले' होते. ते एवढं वाक्य पुरलं. पणजोबांनी गाणं ऐकलंसुद्धा नव्हतं म्हणे! यालाच भाचीचे लोक ब्रँड म्हणत असावेत.

पण या वाक्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला आजीमुळेच कळली. पाहुणे आले की आजी भजन म्हणायची. फक्त भजन. दुपारी सगळे झोपले की स्वयंपाकघरात, तांदूळ निवडता निवडता, ती हळू आवाजात ठुमरी गुणगुणायची. मी एकदा विचारलं, "आजी, हे कुठलं गाणं गं?" ती म्हणाली, "हे घरातलं." आणि पुढे गायलीच नाही.

बुवांनी गाण्याला प्रतिष्ठा दिली ती त्यातला शृंगार बाजूला सारून, भक्तीला पुढे आणून. आश्रयदात्यांच्या माडीवरून उतरवून त्यांनी गाणं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणलं. पण त्या माडीवर पिढ्यान्‌पिढ्या गाणं जपणाऱ्या बायका होत्या, त्यांना या दिवाणखान्यात खुर्ची नव्हती. त्यांना आपला मान वेगळा मिळवावा लागला. हिराबाई बडोदेकरांसारखीने तिकीट लावून जाहीर गायचं ठरवलं, तेव्हा बसण्यापासून हातवाऱ्यांपर्यंत सगळं 'खानदानी' दिसावं लागलं. पुरुष गवयाला व्यसन सोडून मान मिळत होता, हिला स्वतःला क्षणोक्षणी सिद्ध करावं लागत होतं.

हे लिहिताना बुवांना कमी लेखायचं नाही. त्यांनी ती शिस्त घातली नसती तर आजी तांदूळ निवडताना गुणगुणलीही नसती. पण नाव उभारताना आपण कुणाला तरी उंबऱ्याबाहेर ठेवतो, एवढं ध्यानात असावं. कधी कधी आपल्यातलाच एखादा तुकडा बाहेर राहतो.

असो. रात्री भाचीला दीडशे शब्द लिहून पाठवले. तिच्या गुरूंचं नाव आधी घातलं, मग ती किती मुलांना शिकवते ते. बक्षिसं शेवटी. आणि मध्ये एक वाक्य: 'ख्यालाबरोबर ठुमरी आणि दादरा गाते, ठुमरीची गोडी पणजीकडून आली.'

तिचा लगेच फोन. "मामा, पणजी ठुमरी गायची? मला कुणी सांगितलंच नाही!"

कसं सांगणार बाई, ते घरातलं होतं ना.