लेक्सस जीएक्स ४६०

टोयोटाच्या ‘लेक्सस’ या आलिशान नाममुद्रेखाली २००९ च्या अखेरीपासून २०२३ पर्यंत विकली गेलेली, आडवाटांसाठी बांधलेली एसयूव्ही. जीएक्स मालिकेची ही दुसरी पिढी. पहिली, जीएक्स ४७०, २००२ मध्ये आली होती. उत्पादन जपानच्या आइची प्रांतातील ताहारा कारखान्यात होई, गिऱ्हाईक मुख्यतः उत्तर अमेरिकेतले. इंजिन धडधाकट असताना डॅशबोर्डावरचा पडदा म्हातारा झाला, यासाठी ती विशेष ओळखली जाते.

सांगाडा लँड क्रूझर प्राडोचा, म्हणजे लॅडर फ्रेमवर वेगळी बॉडी. ४.६ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन, सुमारे ३०० अश्वशक्ती, सहा गिअरची स्वयंचलित पेटी, लो-रेंज आणि लॉक होणारे मधले डिफरन्शिअल. पेट्रोल मात्र भरपूर लागे : लिटरला जेमतेम ७ किमी.

२०१० च्या एप्रिलमध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक-मासिकाने ही गाडी घेऊ नका असा इशारा दिला. वेगात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू घसरे आणि गाडी उलटण्याचा धोका होता. कंपनीने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि स्थिरता-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलले. काही आठवड्यांत इशारा मागे घेतला गेला. जिवावरचा दोष सॉफ्टवेअरने इतक्या झटपट निस्तरणाऱ्या कंपनीने याच गाडीच्या पडद्याला मात्र पुढची दहा-अकरा वर्षे फारसा हात लावला नाही.

तो पडदा ८ इंची. २००९ साली त्यात काही उणे नव्हते. पण २०१४ मध्ये ॲपल कारप्ले आणि पाठोपाठ अँड्रॉइड ऑटो आले, आणि निम्म्या किमतीच्या गाड्यांतही मोबाइलवरचा नकाशा थेट डॅशबोर्डावर उमटू लागला. टोयोटाने या दोहोंपासून बराच काळ अंतर राखले. जीएक्सचे नकाशे गाडीतच साठवलेले. गाडी चालू असताना पत्ता टाइप करायची सोय बंद, मग शेजारच्या सीटवरचा माणूस रिकामा का असेना. त्यामुळे एवढी महागडी गाडी घेतलेला माणूस काचेला मोबाइलचा स्टँड चिकटवून हिंडे.

नव्या पिढीची आशा अमेरिकी वाहनपत्रिका दरवर्षी लावत आणि दरवर्षी हाती येई ती गाडीच्या तोंडावरची जाळी. २०१४ च्या मॉडेलला नवी जाळी, २०२० च्या मॉडेललाही नवी जाळी, सोबत एलईडी दिवे. विलंबाचे कारण आळसापेक्षा रांगेत शोधावे लागते. टोयोटाचा जीए-एफ हा नवा सांगाडा २०२१ मध्ये आधी लँड क्रूझर ३०० ला मिळाला, मग टुंड्रा, लेक्सस एलएक्स, सेक्वोया अशी पाळी लागली. शिवाय जुनी जीएक्स उतारवयात अधिकच खपत होती. चालत्या दुकानाला रंग द्यायची घाई कोणाला असते? अखेर २०२२ च्या मॉडेलात १०.३ इंची टचस्क्रीन आणि कारप्ले आले, तेव्हा गाडीची जेमतेम दोन वर्षे उरली होती. हा उशीर एकट्या लेक्ससचा नव्हे. मर्सिडीजच्या जी-क्लासला २०१८ मध्ये मोठे पडदे मिळाले, पण बोटाने चालणारा पडदा यायला २०२४ उजाडले.

उत्तराधिकारी जीएक्स ५५० जून २०२३ मध्ये सादर झाली : ३.४ लिटरचे जुळ्या टर्बोचे व्ही-६ इंजिन, दहा गिअर, १४ इंची पडदा. व्ही-८ गेल्याची हळहळ बरीच झाली. जुन्या पडद्यासाठी कोणी रडल्याचे दिसत नाही.

जीएक्स ४६० भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. इथल्या रस्त्यांवर दिसली ती तिची सख्खी बहीण प्राडो. अमेरिकेत सेकंडहँड ४६० ला आजही मागणी आहे. छतावर तंबू लादून रानावनात मुक्कामाला जाणारे ती हौसेने घेतात. पुष्कळजण बाजारातला अँड्रॉइड पडदा बसवून घेतात, पण एसीची आणि लो-रेंजची जुनी बटणे तशीच ठेवतात. हातमोजे घालूनही ती दाबता येतात.